उत्तर ध्रुवाचा बर्फ आणि फुलवाल्या बायकांची जागा

प्रति,
मा. विभागीय अधिकारी साहेब,
गोदाकाठ विभाग कार्यालय, नाशिक.

अर्जदार : सहादू यादव विधाते, वय ७४, धंदा पूर्वी फुलशेती, हल्ली वाचन.

विषय : उत्तर ध्रुवावरील बर्फ वितळत असल्यामुळे फुलवाल्या बायकांना नदीच्या खालच्या काठावर न हलवण्याबाबत.

संदर्भ : १) वरच्या पायऱ्या मोकळ्या करण्याबाबत आपली नोटीस.
२) इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, नॉर्वे व रशिया या देशांची वर्तमानपत्रे (रद्दीतील).

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, पुढील मजकुरावर आपला विश्वास बसणार नाही. आजवर मी सांगितलेल्या कशावरच कोणाचा बसलेला नाही, माझ्या कुटुंबाचा तर लग्नापासून नाही. तरी साहेबांनी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

१. आमच्या फुलवाल्या बाया घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसून हार-गजरे विकतात. त्या पायऱ्या सपाट करून तेथे मोटारी उभ्या करायच्या असल्याने बायांनी खालच्या काठावर जावे, अशी आपली नोटीस आहे. खाली गिऱ्हाईक उतरत नाही आणि पावसाळ्यात पाणी चढते. नोटिशीच्या शेवटी आपण लिहिले आहे की, "खालचा काठ पाण्यापासून पूर्णतः सुरक्षित आहे." साहेब, माझा संशय येथूनच सुरू झाला. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नसताना आपण हा खुलासा आधीच का करून ठेवला?

२. आमच्याकडे पद्धत अशी आहे की, वाचल्याशिवाय कागद फुलांना लावायचा नाही. न जाणो, कोणाच्या निधनाची बातमी देवाच्या हाराला गुंडाळली जायची. बाया कागद माझ्यापुढे धरतात, मी वाचतो, 'बांध' म्हणतो, मग त्या बांधतात. हल्ली रद्दीवाल्या यशोदाबाईंकडे मुंबईहून परदेशी रद्दीचे गठ्ठे येतात. तिची शाई फुलांना लागत नाही म्हणून बायांना तीच हवी असते. त्यामुळे गेली काही वर्षे जगातील वर्तमानपत्रे माझ्या नजरेखालून जात आहेत. इंग्रजी मी देवळाली कॅम्पात साहेबांच्या बंगल्यांवर फुले देताना शिकलो. रशियन मला ओझरच्या विमान कारखान्यातील रशियन इंजिनिअरांच्या बायकांनी गुलाबाच्या बदल्यात शिकवली. नॉर्वेची भाषा चित्रांवरून लागते.

३. आता मुद्द्याचे. ध्रुवावर बर्फ एकच आहे. पण कोणत्याही दोन देशांच्या पेपरात तो सारखा नाही. इंग्लंडचा पेपर पहिल्या पानावर एकटे अस्वल छापतो आणि वाचणाऱ्याला रडवतो. अमेरिकेचा पेपर एका विद्वानाकडून वदवतो की बर्फ चालला, आणि शेजारच्याच रकान्यात दुसऱ्याकडून वदवतो की तसे काही नाही. वाचणाऱ्याने हवा तो विद्वान घ्यावा. कॅनडाच्या पेपराला अस्वलाचे फारसे पडलेले नाही. बर्फ गेल्यावर जी जहाजाची वाट मोकळी होईल ती आमच्या दारातली की सगळ्यांची, यावर त्यांची जुंपली आहे. नॉर्वेचा पेपर एका पानावर हळहळतो आणि मागच्या पानावर समुद्रात तेल कोठे लागेल त्याचा नकाशा देतो. रशियाने तर गेल्या ऑगस्टात ध्रुवाखालच्या समुद्राच्या तळाशी जाऊन झेंडाच रोवला, आणि त्यांच्या पेपरात त्याचा आनंद मावत नव्हता.

मी बायांना हे वाचून दाखवल्यावर त्यांच्यातल्या नवसाबाई म्हणाल्या की, म्हातारा अजून खाटेवर आहे आणि पोरांनी वावराला वाटणीच्या दोऱ्या लावल्या. साहेब, यापेक्षा वेगळे मलाही काही सांगायचे नाही. ज्याला बर्फ जायला हवा त्याच्या पेपरात तो चालला आहे, आणि ज्याला गाड्या चालवायच्या आहेत त्याच्या पेपरात तो जागच्या जागी आहे. म्हणून विचारतो, राग नसावा : आपल्याला मोटारी उभ्या करायच्या नसत्या, तर आपल्या नोटिशीत खालचा काठ सुरक्षित राहिला असता काय?

४. ध्रुवाचा आणि गोदावरीचा संबंध काय, असे पायऱ्या मोजायला आलेले आपले मोजणीदार हसून म्हणाले. संबंध सरळ आहे. बर्फ वितळला की समुद्र भरला. समुद्र भरला की गोदावरीला उतरायला जागा राहत नाही. मग ती काय करील? मोरी तुंबल्यावर पाणी करते तेच. राजमहेंद्रीहून नांदेड, नांदेडहून पैठण, अशी मागे मागे सरकत ती नाशकात येईल आणि प्रथम झेंडूच्या टोपल्या उचलील. मोजणीदारांनी हे सर्व ऐकून घेतले. ते टेप गुंडाळून निघून गेले. उत्तर नसलेला मनुष्य असाच जातो.

५. त्यानंतर गठ्ठ्यांतून बर्फाची पाने नाहीशी होऊ लागली. यशोदाबाई म्हणतात, उंदीर. सोन्याच्या भावाचे पान शाबूत, खेळाचे शाबूत, आणि अस्वलाचे तेवढे कुरतडलेले, असा उंदीर मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलेला नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून येतो हे मी लिहीत नाही. आपल्या कार्यालयाचा शिपाई यशोदाबाईंकडून रद्दी नेतो, एवढेच लिहितो.

६. सुदैवाने एक पान वाचले आहे. ते रशियाचे असून सोबत जोडले आहे. त्यात ध्रुवापासून निघालेला निळा बाण हिंदुस्थानात शिरून थेट आपल्या घाटाला लागलेला दाखवला आहे. खाली रशियन भाषेत स्पष्ट छापले आहे की, नाशिक येथे फुलवाल्या बायकांना खालच्या काठावर बसवू नये. तसे केल्यास रशिया सरकार जबाबदार राहणार नाही. एवढ्या लांबच्या लोकांना जी काळजी आहे ती जवळच्यांना असावी, अशी नम्र अपेक्षा आहे.

तरी बायांना वरच्या पायऱ्यांवरच बसू द्यावे. पाऊस तोंडावर आला आहे, निर्णय त्याच्या आधी व्हावा.

वरील अर्ज सह्या-अंगठ्यांपूर्वी सर्व बायांना मोठ्याने वाचून दाखवला. कलम पाचपर्यंत सर्वांनी माना डोलावल्या. कलम सहाला नवसाबाई यांनी हरकत घेतली, आणि ती जशीच्या तशी लिहिल्याशिवाय अंगठा देणार नाही असे सांगितले. नवसाबाईंचा अंगठा नसेल तर बाकीच्या बाया देत नाहीत, सबब लिहितो :

"आबा, हे पान तुम्हीच मला परवा वाचून दिलं. बायांच्या चपलांची जाहिरात हाय, मयत नाय, बांध म्हणले. मी त्याच्यात मोगरा बांधला. आता त्याच पानात रशियाचं सरकार कुठून आलं?"

आपला नम्र,
सहादू यादव विधाते
नाशिक, दि. २७ मे २००८

नवसाबाई : अंगठा (कलम सहा सोडून)
बाकी सर्व बाया : अंगठे (नवसाबाईंप्रमाणे)

सोबत : रशियाचे पान, एक. मोगऱ्याचा वास येत असल्यास तो पानाचा समजावा.