तालमीतला अंधार

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. यांचा गुडघा कुरकुरतो, मी त्याहून जास्त.

पुढच्या आठवड्यात आम्ही लेकीकडे जातोय. आठ महिने झाले, त्या नामांकित ऑपेरा हाउसात ती दिव्यांच्या खात्यात उमेदवारी करते आहे. तिथे दुपारी प्रवाशांना आतून सगळं हिंडवून दाखवतात म्हणे. मला गाण्यातलं कळतं ते भजनापुरतं, तेही मागच्या रांगेतून. पण बघायला काय जातं?

तुझ्यापाशी खरं सांगते. तिची नोकरी कायम करायची की नाही, ते याच महिन्यात ठरणार आहे. कायम झाली की ती तिकडचीच. म्हणून मी रोज देवाला विनवते, की तिला नाही म्हणू देत आणि पोरगी घरी येऊ दे. हसू नकोस.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

हसले नाही, कपाळाला हात लावून बसले. लेकीची नोकरी जावी म्हणून जप करणारी आई आजच पाहिली. देवाने तरी कुणाचं ऐकावं? मीही तिच्यासाठी रोज हात जोडते, अगदी उलट मागते. मी थोरली, माझा मान आधी.

तिकडे तुझ्या काटकसरीला आवर घाल. गेल्या खेपेला मी पोथी वाचत बसले होते आणि तू जाता जाता खोलीतला दिवा मालवून गेलीस. वर म्हणालीस की, मी आत आहे हे ध्यानातच आलं नाही!

पोरीला पोटाशी धर. माझ्या वाटचंही.

तुझी,
ताई

ता. १८ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडाला काय म्हणावं! ऐक.

काल आम्ही पंधरा-वीस प्रवासी आणि दाखवणारी बाई, असे रंगमंचाच्या बाजूने चाललो होतो. पुढे तालीम सुरू होती. छत एवढं उंच की यांची टोपी दोनदा पडली. मी सगळ्यांत मागे. दारापाशी एक बटण दिसलं, आसपास चिटपाखरू नाही. हात आपला आपण गेला. खट्.

रंगमंचापुढे वादकांसाठी खोल खड्डा असतो, त्यात साठ वादक बसले होते, ताई. त्यांच्या कागदांवरचे दिवे गेले. व्हायोलिनं एकेक करत अशी थांबली, जशी पंगतीत वाढपी नाहीसा झाल्यावर जेवणारी माणसं.

दिव्यांचा मुकादम धावत आला, मागून आपली पोर. तो तिला म्हणाला की, ही बाजू तिच्याकडे होती. असं होणार असेल तर कायम करण्याचा विचारच नको. तिने हात लावला नाही म्हणून सांगितलं, तर त्याने विचारलं, मग काय भुताने लावला? भूत त्याच्यापासून चार हातांवर पर्स छातीशी धरून उभं होतं.

देवाने इतक्या हातोहात ऐकावं! नुसतं गप्प राहायचं होतं. आणि मी राहिले, ताई. पुरते तीन श्वास. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

मग पुढे झाले. बोलायला शब्द सुचेना, म्हणून दाखवलं. तोवर कुणीतरी दिवे पुन्हा लावले होते, ते मी पुन्हा घालवले. व्हायोलिनं पुन्हा थांबली. हे लांब जाऊन भिंतीवरचं चित्र बघू लागले, जसं काही आमची ओळखच नाही. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि त्यावर झाकण बसवायला माणूस धाडला. लेकीला म्हणाला की, सोमवारी कायमच्या नोकरीच्या कागदावर सहीला ये.

तिच्या खोलीवर आल्यावर तिने विचारलं, मुद्दाम केलंस का? मी म्हटलं, बटण दाबलं ते सवयीने. गप्प राहिले ते मुद्दाम. ती बराच वेळ उशीचा अभ्रा सारखा करत बसली. मग म्हणाली की, तीही रोज सकाळी उठते ती घरी परत जायचं ठरवूनच. कामावर पोचून दिवे लागले की विसरते.

सोमवारी तिच्याबरोबर जाणार आहे. दाराबाहेर उभी राहीन.

देवाकडे मागणाऱ्यांत तुझा नंबर वर लागला, आता रागावू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
धाकटी