बरोबर कोण?

१६ डिसेंबर
मुरबाडला नर्स म्हणून रुजू झाले. कल्याणहून जीपमध्ये शेगडी मांडीवर घेऊन आले. वाटेत शेजारच्या बाईंनी आपली कोथिंबिरीची जुडीही तिच्यावर ठेवून दिली. रुग्णालय लहान आहे, पण अपघात विभाग स्वच्छ: दोन खाटा, ऑक्सिजन, दाराशी लाकडी बाक. क्वार्टरच्या खिडकीतून पेंढ्याच्या उडव्या दिसतात. पडदे लावताना मी गुणगुणत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

२० डिसेंबर
आमच्या विभागातल्या आया काशीमावशी यांचा गोतावळा फार मोठा. पेशंट आत आला की डॉक्टर विचारतात, बरोबर कोण? कोणी नसलं की मावशी हातातलं फडकं टाकून ओरडतात, "मी हाय! माझा भाचा हाय!" काल कारखान्यातला बिहारी मजूर बोट चिरून आला, तोही भाचा. मला हसू आवरेना. मावशी म्हणाल्या, "हसा तुमी. पन या दारात 'कोनी नाय' बोलायचा नाय गो, सिस्टर." गंमतच आहे.

२७ डिसेंबर
दुपारी टेम्पोवाल्याने एका म्हाताऱ्या बाबांना उतरवलं आणि तो निघून गेला. बुधू नाव. म्हसा गावाच्या रस्त्याला चक्कर येऊन पडले होते. मावशी जेवायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, बरोबर कोण? मी खरं ते सांगितलं, कोणी नाही.

तोच बाकावरून एक आजी उठल्या. "मी हाय ना." हिरवं लुगडं, हसरा चेहरा. मला हायसंच वाटलं. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. बाबांचा रक्तदाब सुधारला होता, चहा मागत होते. मी चहा घेऊन आले तोवर ते गेले होते. बोटं अजून कुणाचा तरी हात धरल्यासारखी वळलेली. आजी कुठेच नव्हत्या.

मावशींना सांगितलं तर त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, ज्याला कोणी नाही त्याच्याबरोबर ती जाते. आपण आधी 'माझा' म्हटलं, तर ती बाकावरच बसून राहते.

मी एक शब्द बोलले असते तर.

३० डिसेंबर
ती बाकावर आहे. पेशंटकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. मावशींनी सहज विचारलं, गावाला तुमचं कोण कोण? म्हटलं, कोणीच नाही. बोलून गेले, तेव्हा लक्षात आलं. आम्ही दारातच उभ्या होतो.

५ जानेवारी
ड्यूटी संपवून येते तेव्हा ती क्वार्टरच्या पायरीवर असते. बोलत नाही, सरकून वाट देते. भीती वाटते. आणि, लिहायलाही लाज वाटते, घरी कोणीतरी वाट बघतंय हे बरं वाटतं. आज चहा दोन कप टाकला.

९ जानेवारी
मावशींनी दुसरा कप पाहिला. खूप बोलल्या. मग माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "तू माझी भाची. कोनी विचारला तर मी बोलेन, तू गप ऱ्हा." सिस्टर नाही, तुमी नाही. तू.
रडले. मला कोणी 'माझी' म्हणून किती वर्षं —

१३ जानेवारी
म्हशाची जत्रा. मावशी नातवाला घेऊन गेल्यात, दुपारच्या एसटीने येते म्हणाल्या. मला सकाळपासून ताप आहे. पायरीवर ती नाही.

आत आहे.

दुपार
भोवळ आली. वॉर्डबॉयने कॅज्युअल्टीत आणून निजवलं आणि तो स्ट्रेचर घेऊन पळाला, जत्रेतले पेशंट येतायत. उजव्या हाताला सलाईन. डाव्याने लिहितेय. डॉक्टर नवे, आजच आलेत, मला ओळखत नाहीत. मावशींचा फोन आला — एसटी गर्दीत अडकलीय, उतरून चालत येते, कोनाला काय बोलू नको —

वही उशीवर टेकवलीय. मनगटावर हात. गार —

डॉक्टर विचारतायत, बरोबर कोण. काशीमावशी. माझी मावशी. येतेय ती — जीभ उचलत नाही — त्यांना ऐकू येत नाही. माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या उशाकडे बघून हसतायत. म्हणतायत, बरं झालं आजी, तुम्ही आहा