पडद्याआड तू काय खाल्लंस

आई,

तू जेवताना कशी दिसायचीस, ते मला ठाऊक नाही. विसरलो असं नव्हे. मी ते कधी पाहिलंच नाही. वडूजच्या अलीकडं आपलं ते दोन खणांचं घर, आणि चुलीपुढं मी तुझ्या इतका जवळ बसलेला असायचो की तू भाकरी थापलीस की पीठ माझ्या पुस्तकावर उडायचं. तुला अक्षर येत नव्हतं, पण शाळेतल्या सगळ्या कविता तुला पाठ होत्या, कारण मी त्या तुझ्यापुढंच मोठ्यानं घोकायचो. एखादा शब्द चुकला की तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणायचीस, "काल निराळं म्हनला हुतास की रं." आपल्या ओढ्यात पावसाचे चार दिवस सोडले तर वाळूच असायची, आणि मी मात्र झुळझुळणाऱ्या नद्यांच्या ओळी म्हणत बसायचो. तू एकदा विचारलंस, "खरंच असत्यात व्हय रं अशा?" मला तरी काय माहीत होतं? पुस्तकात आहेत म्हणजे असतील, असं मी सांगितलं. मग आमचे वडील, दादा, जेवायचे, मग आम्ही भावंडं, आणि आमची ताटं उचलली की तू म्हणायचीस, "जावा आता भाईर." आम्ही परत आत यायचो तेव्हा भाकरीची बुट्टी पालथी घातलेली असायची आणि भांडी घासून झालेली असायची. त्या मधल्या वेळात कधीतरी तू जेवत असणार. दाराच्या त्या बाजूला नेमकं काय व्हायचं, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही. तो पडला सांगलीत, लग्नानंतर, आणि तोही हॉटेलात बसल्यावर.

सांगलीच्या हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी लागली, त्याच वर्षी तू माझं लग्न लावलंस. हळदीच्या पेठेमागं आमची खोली होती. वाळत घातलेलं धोतरसुद्धा संध्याकाळी पिवळसर होऊन परत यायचं, आणि तुझी सून म्हणायची, "आवं, आपल्या लग्नाची हळद अजून उतरंना झालीया." ती कुंडलची, उसाच्या मुलखातली. कृष्णेचा घाट पाहून मी खुळ्यासारखा कविता म्हणत उभा राहिलो, तेव्हा ती मला हसली. पाण्याचं काय नवल, असं तिचं म्हणणं. तिला नवल होतं ते हॉटेलांचं. रस्त्यानं जाताना आतली भांड्यांची आदळआपट, तव्यावर पाणी मारल्याचा चर्र आवाज, 'एक कडक, दोन साधा' असं ओरडणारी माणसं, हे सगळं ती पाऊल हळू करून ऐकायची. एका रविवारी मी म्हटलं, चल, आत जाऊ.

ते उडप्याचं हॉटेल होतं. बायकामाणसं बरोबर असली की मागच्या बाजूला 'फॅमिली रूम' असायची. रूम कसली, फळ्यांचे आडोसे आणि प्रत्येकाला एक हिरवा पडदा. हात लागून लागून तो एका ठराविक उंचीवर काळा पडलेला. आम्ही आत बसलो. वेटर मंगळुराकडचा होता. मी दोन राइसप्लेट सांगायला लागलो, तर हिनं टेबलाखालून माझ्या धोतराला ओढ दिली. "एकच सांगा. तुमचं झालं की बघू." मला वाटलं, भूक नसेल. मी जेवलो. शेवटचा घास तोंडात असतानाच वेटर आला आणि त्यानं ताट उचलून नेलं. ही पडद्याकडं बघत राहिली. "ताट नेलं की त्येनं," ती म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की मी दचकलो. "मग मी कशात जेवू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्याच्या ताटात मागाहून जेवायचं, हे तिला घरून सांगून धाडलेलं होतं, आणि आमच्या खोलीतही ती तेच करत आली होती, मी शाळेत गेल्यावर. मला पत्ता नव्हता. वेटरला परत बोलावून दुसरी प्लेट आणवली. तो बिचारा घाबरला. "वैनीला आधी कोण विचारलं नाय काय?" म्हणाला. ताट आलं, पण ती हात लावेना. "तुमी बघताय," ती म्हणाली. मी खुर्ची फिरवली आणि फळीकडं तोंड करून बसलो. फळीवर एक जुनं कॅलेंडर होतं. नुसतं गप्प बसणं अवघड व्हायला लागलं म्हणून मी हळू आवाजात सातवीतली एक कविता म्हणायला लागलो, आणि माझ्या पाठीमागं माझी बायको जेवायला लागली.

पुढं कितीतरी रविवार आम्ही असंच जेवलो. कधी स्टँडजवळची खानावळ, कधी गणपतीच्या देवळाकडच्या रस्त्यावरचं मिसळीचं दुकान, कधी परत तेच उडप्याचं. ज्या हॉटेलला पडदा नाही तिथं आम्ही जात नव्हतो. मी भिंतीकडं तोंड करून कविता म्हणायचो आणि कान मागं ठेवायचो. काही कुरकुरीत असलं की तिचं खाणं भराभर चालायचं. भात मध्येच थांबायचा. मिसळीला ती नाकानं सूं सूं करायची आणि तरी "रस्सा आनि आना" म्हणायची. एकदा माझी कविता संपली, दुसरी आठवेना, आणि ती मागून म्हणाली, "आवं, आता तोंड इकडं करा. भिताड काय जेवनार हाय?" मी वळलो. तिच्या ओठाला चटणी लागली होती, आणि ती लाजली नव्हती. वर्गात शंभरदा म्हटलेल्या ओळीचा अर्थ एखाद्या दिवशी एकदम लागावा, तसं मला झालं. त्या दिवसापासून मी बघायला लागलो. वांगं तिला मुळीच आवडत नव्हतं, आणि माझ्यासाठी ती ते दर दोन दिवसांनी करत होती. डोशाची जळकी कड तिला आवडायची. दह्याला ती शिवत नव्हती. खोकला होतो म्हणायची. एवढं सगळं माझ्याच घरात होतं आणि मला ते बाहेर जाऊन कळलं.

बाजाराला आलेल्या आपल्या भावकीतल्या एकानं आम्हाला हॉटेलातून बाहेर पडताना पाहिलं, आणि आमच्या आधी ते तुझ्यापर्यंत पोचलं. दिवाळीला आम्ही आलो तेव्हा तू चुलीपुढंच होतीस. मी माझ्या जुन्या जागी बसलो. तू वर न बघता म्हणालीस, "मास्तर, सांगलीत सरपन मिळत न्हाई व्हय?"

"मिळतं की."

"मग चूल पेटाया काय झालंय? गाव सांगतंय, मास्तर बायकूला घिऊन हाटेलात बसतुया."

ही दाराआड. तू दोन भाकरी केल्यास. मग जरा खालच्या आवाजात, "तुझ्याम्होरं बसून जेवती?"

"व्हय."

"लाजत न्हाई?"

"आधी लाजायची."

आणि मग तू जे विचारलंस ते रागाचं नव्हतं. कवितेतल्या नद्यांबद्दल विचारलं होतंस तसाच तो आवाज होता. "काय काय खाती?"

मी सांगत सुटलो. डोसा, मिसळ, जळकी कड. तू ऐकलंस, आणि शेवटी म्हणालीस, "जा आता भाईर. मला जेवू दे." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, आणि हॉटेलात पडलेला तो दाराच्या त्या बाजूचा प्रश्न परत पुढं आला. तुला काय आवडत असेल? त्या रात्री मी ठरवलं की एकदा तुला समोर बसवून जेवताना बघायचं.

संधी चालून आली. तुझ्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला होता, म्हणून मिरजेला दाखवायला तुला आणलं. डॉक्टरांनी थेंब दिले, थंडीत या म्हणाले. परत सांगलीत उतरलो तेव्हा उन्हं डोक्यावर होती. मी म्हटलं, आई, इथंच काहीतरी खाऊ. तू म्हणालीस, "मी घरी जाऊन भाकरी खाईन." ही पुढं झाली. "आत्या, नुसता च्या घ्या. बसायला गार जागा हाय." चहाला तू तयार झालीस. मंगळुराकडच्या त्या वेटरनं पडदा धरला, "या अम्मा," म्हणाला. तू आत गेलीस, सून गेली, आणि मी पाय उचलला तर तू हात आडवा धरलास. "तू कुटं आत येतूस? जा, भाईर बस."

मी गल्ल्याजवळच्या टेबलावर बसलो, पडद्याकडं तोंड करून. पडद्याखाली तुझ्या वहाणा दिसत होत्या आणि पाय दिसत नव्हते. म्हणजे तू बाकावर मांडी घालून बसली होतीस. वेटर आत गेला, बाहेर आला, परत काहीतरी घेऊन आत गेला. त्याची पाठ माझ्याकडं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तुझा आवाज: "ह्ये पांढरं काय गं?" हिनं काहीतरी कुजबुजलं. आणि मग आई, तू हसलीस. घरात दादांना ऐकू जाईल म्हणून तू पदर तोंडाला लावून हसायचीस, तसं नव्हे. मोकळं. थोड्या वेळानं वेटर पडद्यातून डोकं काढून स्वयंपाकघराकडं ओरडला, "तेच, अजून एक!" पैसेसुद्धा तू आतूनच त्याच्या हातावर ठेवलेस. बाहेर आलीस तेव्हा तोंड पुसून झालेलं होतं.

"काय घेतलंस?" मी विचारलं.

"च्या," तू म्हणालीस, आणि चालायला लागलीस.

खोलीवर आल्यावर हिला गाठलं. "आत्यांनी सांगू नको म्हटलंय. कुनालाच न्हाई, तुमाला तर न्हाईच." पुढच्या रविवारी वेटरला विचारलं. त्यानं दोन्ही हात वर केले. "अम्मा नको बोलली." मी मनाशी हिशेब मांडत राहिलो. पांढरं म्हणजे इडली असेल. की खोबऱ्याची चटणी? की नुसता भात? वर्गात मुलं गाळलेली जागा भरत असायची आणि मी खिडकीतून बघत तुझी गाळलेली जागा भरत असायचो.

त्या थंडीत तू परत आलीच नाहीस. ऑपरेशन राहिलं, आणि संक्रांतीच्या आत तू गेलीस. दहाव्याला ओढ्याच्या काठी पान मांडलं. दादांच्या बहिणीनं विचारलं, "वैनीला काय आवडायचं रं? ते आधी ठेवा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. थोरला मी. दादा जमिनीकडं बघत होते; त्यांनाही सांगता येईना. शेवटी सगळेच ठेवतात ते ठेवलं, पुरणपोळी, भात, वडी. तेवढ्यात ही पदराआडून एक द्रोण घेऊन आली आणि पानाच्या कडेला टेकवला. मी वाकून बघायला गेलो. "मागं सरा," ती म्हणाली. "मानसं जवळ असली की कावळा येत न्हाई." सगळे मागं सरले, मीही सरलो. कावळ्याला बघता आलं ते मला आलं नाही.

आता आम्ही साताऱ्यात असतो, थोरल्या मुलाकडं. रविवारी अजून बाहेर पडतो, फक्त सकाळी, ऊन चढायच्या आत. हॉटेलांना पडदे राहिले नाहीत; सगळी काचेची झालीत, रस्त्यावरच्या माणसाला आपला घास दिसतो. परवा हिनं कार्ड न बघता वेटरला सांगितलं, "एक मसाला डोसा, कडक. आनि एक दहीवडा." वडा आला. पांढराशुभ्र, वर कोथिंबीर. तिनं ती बशी माझ्याकडं सरकवली.

"दही तू खात नाहीस," मी म्हटलं. "मग मागवलास कशाला?"

तिनं डोशाची कड मोडली. आता दात राहिले नाहीत, तरी मोडते आधी तीच. "आत्यांनी सांगू नको म्हटलं हुतं," ती म्हणाली. "मागवू नको असं कुटं म्हनल्या हुत्या?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधीच का केलं नाही, असं नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुमी विचारायचं सोडल्यावर सांगावं वाटलं." मी चमच्यानं तुकडा केला. गार, आंबट, मग मागून किंचित गोड, आणि आत मऊ. ज्या बाईनं जन्मभर ज्वारीची भाकरी आणि कोरडी चटणी खाल्ली, तिच्या जिभेला हे कसं लागलं असेल, ते मी घासागणिक शोधत होतो. तुला तो नीट दिसलाही नसेल, डोळ्यांवर सारा होता. नुसतं पांढरं काहीतरी, आणि ते तोंडात जाताच तू हसलीस.

खरं सांगू? मला तो फारसा आवडला नाही. तरी मी वेटरला म्हटलं, "तेच, अजून एक." दुसरी बशी आली ती समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवायला सांगितली. मी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं आणि ती नदीची कविता हळूच म्हणायला लागलो, तुला पाठ असलेली. दोन कडवी झाली. तिसऱ्यात एक शब्द चुकला, आणि कुणी टोकलं नाही.

तू जेवताना कुणी बघू नये एवढंच तुला हवं होतं, हे मला कळतं. पण राहवलं नाही, आई. कविता अर्धी टाकून मी एकदा मागं वळून बघितलं.