संत्र्याच्या काट्यावर

प्रिय आई,

फोनवर तू रडतेस आणि मग मीच फोन ठेवून देते, म्हणून लिहून राहिली आहे. पूर्ण वाच. अर्ध्यात ठेवून स्वयंपाकघरात पळू नकोस.

हर्षलला नागपूरला नेलं होतं. पोरगा अजून पहिलीतही नाही, आणि डॉक्टरांनी त्याच्या दंडाला इवलासा पट्टा बांधून बीपी मोजलं. वेगवेगळ्या दिवशी बोलावून मोजलं, दरवेळी जास्तच. किडनी पाहिली, हृदय पाहिलं, सगळं ठीक. मग त्यांनी जन्माचं वजन विचारलं, पहिल्या वर्षात किती वाढलं तेही विचारलं. म्हणाले, कमी वजनाचं बाळ झपाट्यानं गुटगुटीत केलं की काही मुलांचं बीपी लहानपणीच चढतं. सगळ्यांचं चढतं असं नाही, पण याचं तसंच झालं असावं. आई, माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सौंसरला आलेली. पोट्टं जन्मलं ते मुठीएवढं. बोरगावच्या रामाजीकाकांनी दारातूनच त्याला उंदराचं पिल्लू म्हटलं आणि तुझं डोकं फिरलं. सव्वा महिना होत नाही तर तू त्याला उचलून बाबांच्या अडतीवर नेलंस आणि संत्री तोलायच्या काट्यावर ठेवलंस. संत्र्याच्या! मग दर बाजाराच्या दिवशी तेच. वजन वाढलं की हमाल टाळ्या वाजवायचे, बाबा पेढे वाटायचे. नाही वाढलं की तू माझ्याशी बोलायची नाहीस, जसं त्याचं दूध मीच पिऊन राहिली होती. अंगावरचं पुरतं आहे, वजन हळूहळू वाढू द्या, असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू मान हलवलीस आणि घरी येऊन बाटली भरलीस. डब्याचं दूध, त्यात बिस्किट, वरून तूप. पोरगं तोंड फिरवायचं, तर तू गाल दाबून चमचा घालायचीस. कमाल आहे बापा तुझी!

आता त्याच्या भाजीत मीठ घालताना मी चिमटीतलं अर्धं परत डब्यात टाकते. काल विचारून राहिला होता, मम्मी, मी बिमार आहे का? काय सांगू त्याला? तूच सांग. तू लाडानं केलंस हे मला ठाऊक आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. दुसऱ्या कोणी केलं असतं तर कचाकचा भांडून मोकळी झाली असती.

आणि आज सकाळी आपल्या अमितच्या गायत्रीचा फोन आला. माहेरी करणारं कोणी नाही म्हणून ती तुझ्या हाताखाली बाळंत झाली, आणि न्हाणीत लपून नणंदेशी बोलायची पाळी तिच्यावर आली. तिचीही पोरगी लहानशीच. तू दुधाचा डबा आणून ठेवलास म्हणे. रविवारी पोरीला अडतीवर नेणार म्हणे. काऊन, आई? एका नातवावर भागलं नाही? सासूला नाही म्हणायची तिची हिंमत होत नाही, माझी होते. शनिवारीच गाडी घेऊन येते आणि दोघींना माझ्या घरी पांढुर्ण्याला नेते. अमित हो म्हणाला आहे. दारात आडवी येऊ नकोस. सोबत यायचं असेल तर तुझीही पिशवी भरून ठेव. पोरीला मांडीवर घे, मालिश कर, रात्रंदिवस तिच्याशी बोलत बस. पण तिला काय पाजायचं ते तिची आई ठरवेल.

तुझीच, आणि तुझ्यावर भयंकर चिडलेली,
प्रणाली