सफन्याची आगाऊ बातमी

९ डिसेंबर २०२४, मालवण

गाठ पसरलीय. स्वरयंत्र काढावं लागणार. गोव्याच्या डॉक्टरांनी दुजोरा दिला. मी दोनदा विचारलं, तीस वर्षांच्या बातमीदारीची सवय! ऑपरेशन शनिवारी. म्हणजे रविवारी आवाज नाही.

आणि या रविवारचं चर्चमधलं बायबलचं वाचन माझं आहे. नाताळाआधीचा गुलाबी मेणबत्तीचा रविवार, आनंदाचा. सफन्या संदेष्ट्याचं वाचन तीन वर्षांतून एकदाच येतं. पुढच्या वेळी मी मुका. ऑपरेशनला पुढचा बुधवार मागून घेतला. "चार दिवसांची जोखीम तुमची," डॉक्टर म्हणाले. माझीच!

१० डिसेंबर

फिलू — थोरली बहीण — दिवसभर तापलेली. "वाचूक दुसरो कोण नाय गावात? मेलंस तर देव काय तुका परत वाचूक बोलावतलो?"

बोलावीलही.

शेजारचा गनी मला गाडीने गोव्याला नेणार आहे. तो म्हणाला, "पास्कूभाऊ, बुधवारी तर बुधवारी. गाडी खंय पळान जातली?" फिलूने त्याचा चहा बंद केला.

१२ डिसेंबर

सराव केला. चौथ्या ओळीला आवाज बसतो.

हा सफन्या बातमीदार म्हणून कच्चा. आधी सगळा नाश, राख, काळोखाचा दिवस. आणि शेवटी एकदम — गा, जल्लोष कर, देवाने तुझी शिक्षा उठवली! शहर तसंच, शत्रू तसाच. सुटका झालेलीच नाही, आणि हा झाली म्हणून सांगतो. अशी बातमी माझ्या टेबलावर आली असती तर लाल शाईने परत पाठवली असती : 'घडल्यावर कळवा.'

पण घडल्यावर काय, कोणीही गाईल.

१३ डिसेंबर

आज दाखल व्हायचं होतं. नाही झालो. बांगडे खाल्ले.

१५ डिसेंबर

वाचलं! देव स्वतः तुझ्यासाठी आनंदाने गाईल — इथवर आलो आणि आवाज गेला. साफ गेला. फादर उठायला लागले, मी हाताने थांबवलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून फिलू : "वाच रे! थांबलंस कित्याक?"

लोक हसले. मीही. घोगऱ्या आवाजात शेवटच्या शब्दापर्यंत नेलं.

गनी बाहेर गाडीपाशी उभा होता. फिलू त्याला म्हणाली, "च्याय पिवक ये रे."

१८ डिसेंबर

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो. गाठ सगळी निघाली. फिलू उशाशी बसून शिव्या घालतेय आणि मला उलटून बोलता येत नाही.

(आज सतरा तारीख आहे. संध्याकाळचे पाच. दुजोरा कोणाचाच नाही. उद्या सकाळी आठला आत नेतील.)