शेवग्याखालची नळी

बाबा, परवा बदलापूरला एका पोल्ट्रीवाल्याकडे गेले होते. कोंबड्यांना घालायला तो माशीच्या आळ्या वाढवतो, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेच्या ट्रे भरून. मी सहज म्हटलं, "आमच्याकडेही होत्या, पण आपोआप संपल्या." तो हसला. "ताई, सगळ्याच्या सगळ्या आळ्या कोंबड्यांना घातल्या असतील. थोड्या सोडाव्याच लागतात. त्यांच्या माश्या होतात, त्याच परत येऊन अंडी घालतात." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पालेगावच्या घरामागचा तो निळा ड्रम आठवतो ना? सुकटीचा चुरा परवडेना झाला होता, बाजारच्या खाद्याचं तर नावच नको, आणि आई रोज म्हणायची, विकून टाक त्या कोंबड्या. माझ्या बावीस कोंबड्या! मी वीस वर्षांची, हट्टी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कॉम्प्युटर क्लासला जायचे आणि येताना रसवाल्या सिंधी काकांकडून पपई-कलिंगडाची सालं घेऊन यायचे. "ले जा बेटी, गाय को डालेगी ना?" ते विचारायचे आणि मी खुशाल हो म्हणायचे. ड्रममध्ये ती सालं कुजली, काळ्या लांबट माश्या आल्या, मग आळ्या. कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडल्या. तुम्ही एमआयडीसीतून ड्युटी करून आलात आणि हातातला डबा तसाच धरून ड्रमशी उभे राहिलात. "सकाळी पाणातिपाता म्हणतेस, जीव मारणार नाय म्हणून, आन् दुपारी आळ्या पोसतेस मारायला?" उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, "आणि रविवारी रस्सा कोण मागतं?" तुम्ही डबा घेऊन घरात गेलात. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या सुट्टीला तुम्ही दोन नळ्या घेऊन ड्रमशी बसला आहात. आळ्या पिकल्या की काळपट पडतात आणि कोरडी जागा शोधत वर चढतात, हे तुम्ही आठवडाभर नुसतं बघून हेरलेलं. फिटर माणूस तुम्ही, हातातली करवतसुद्धा जपून चालवता. एक नळी खुराड्यात उघडते, दुसरी शेवग्याखालच्या मऊ मातीत. "आपण कुणाला हाकलायचं नाय. जिला जिकडं जायचंय तिकडं जाईल." ही दया होती की पळवाट, मला तेव्हाही कळलं नाही.

निम्म्या आळ्या शेवग्याखाली निघून जायच्या आणि माझा जीव तळमळायचा. एका दुपारी मी त्या नळीत चिंधी कोंबली. तुम्ही रोज शिफ्टला निघण्याआधी काडीने माती उकरून बघायचात. "एकबी इकडं येत नाय गं. असं कसं?" "खुराड्यात ऊब असते ना, बाबा," मी म्हणायचे, तुमच्याकडे न बघता. दीड-दोन महिन्यांत ड्रम रिकामा होत गेला. कोंबड्या विकायची पाळी आली. एक दिवस क्लासहून आले तर तुम्ही ड्रम मोडलेला, दोन्ही नळ्या धुऊन भिंतीला टेकवलेल्या. दोन्ही आरपार मोकळ्या. चिंधी कुठेच दिसेना. "माझंच चुकलं," तुम्ही म्हणालात, "शिलात फट शोधायला गेलो." त्यानंतर विहारात पंचशील सुरू झालं की पहिल्या ओळीला तुमचे ओठ मिटलेले असायचे. बाकीच्या चार ओळी म्हणायचात, ती एक नाही. मी बायकांच्या रांगेतून बघायचे. तुम्ही गेलात तोवर हे असंच चाललं, आणि मी तोंड उघडलं नाही.

आता सारखं वाटतं, आळ्या सोडायच्या होत्या त्या शिलासाठी की उद्याच्या आळ्यांसाठी? तुम्हाला दोन्ही ठाऊक होतं का? चिंधी सापडली असेल तर मला रागावला का नाहीत? नसेल सापडली, तर माझी चूक उगाचच उरावर घेऊन गेलात. त्या न म्हटलेल्या ओळीत तुम्ही होतात की मी, हे कुणाला विचारू? आईला विचारायचा धीर होत नाही. या कागदाची घडीही तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवणार आहे. तुम्हाला ती चिंधी दिसलीच नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण ती तुमच्याच जुन्या बनियनची होती, बाबा, आईने निळ्या दोऱ्याने रफू केलेल्या बाजूची.