यान सत्तावीसचं शेवटचं रीळ

मानवत,
रविवार, २३ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. कुसुमला अक्काचा सप्रेम जयभीम.

तुझी प्रकृती ठीक असेल असं धरून चालते, कारण तुझ्या कार्डात प्रकृतीविषयी एक अक्षर नव्हतं. (निदान मी जेवढं वाचलं तेवढ्यात नव्हतं. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिणार आहे, तेव्हा पाणी पिऊन बस.) तात्यारावांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, कृषी विद्यापीठात नोकरी केली म्हणून अडुळशाचा काढा घ्यायला कमीपणा येत नाही. माझा उजवा गुडघा नामांतराच्या मोर्चात चालल्यापासून जो रुसलाय तो रुसलाय. डॉक्टर म्हणतात, बाई, जिने चढू नका. आता माझ्या वाटेत जिना असा एकच आहे, दिलखुश टॉकीजच्या मशीनच्या खोलीचा, आणि तो मी गेल्या नऊ दिवसांत सात वेळा चढले आहे. निवृत्त मुख्याध्यापिकेनं हे का करावं, ते सांगायलाच हे पत्र.

आधी तुझं कार्ड. कुसुम, शहाणी माणसं पोस्टकार्डावर काय लिहितात? सुखरूप पोचलो, मुलगी झाली, म्हातारी गेली. तू लिहिलंस, ‘अक्का, यान सत्तावीस तुमच्याकडं लागलाय असं कळलं. आम्ही इथं परभणीत दिवाळीआधीच पाहिला. शेवटी ती’ आणि तिथं ओळ संपली. खालच्या ओळींवर नशिबानं माझा अंगठा होता. तो मी उचलला नाही. तसाच दाबून धरून दुसऱ्या हातानं डिंकाची बाटली शोधली, जुन्या वहीचं पान फाडलं आणि उरलेलं कार्ड झाकून टाकलं. बोर्डिंगात तू प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि दिवे मालवताना खुनी कोण ते मला सांगायचीस. सिस्टर अ‍ॅग्नेसनं त्यापायी तुझी खाट माझ्यापासून चार खाटा लांब नेली, तर तू तिथून हातवारे करून सांगितलंस. (गळा दाबणारा तो धाकटा भाऊ मी अजून विसरले नाही.) नातवंडं झाली तुला, पण खोड गेली नाही.

आता मूळ हकिगत. चौदा तारखेला, शुक्रवारी, माझ्या दारावरून टॉकीजचा रिक्षा गेला. भोंग्यातून ओरडत होता, ‘विज्ञानाचा चमत्कार! चंद्राच्या अलीकडं, शनीच्या पलीकडं!’ चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं हे ऐकून घ्यायचं? शनिवारी दुपारी छत्री घेतली आणि थेट टॉकीजवर गेले. तिथं पोस्टरवर शनीला दोन कडी काढलेली, एक सरळ आणि एक आडवं, बैलगाडीच्या चाकासारखं. मालक दत्तराव दारातच उभे होते. त्यांना मी सांगायला सुरुवात केली की शनी म्हणजे काय, तेवढ्यात वरून नागनाथ धावत आला. (आपल्या वस्तीतल्या लक्ष्मणदादांचा मुलगा. दहावीला माझ्या हाताखाली होता, भिंगाचा पाठ एकट्यालाच समजला होता. तिथं मशीन चालवतो.) म्हणाला, “बाई, देवासारख्या आलात. आत एकोणतीस जण हायेत. तीस झाल्याबिगर मालक खेळ लावत न्हाईत.” मी म्हटलं, मी तक्रार करायला आले आहे. तो म्हणाला, “मंग बसून करा.” आणि मला बायकांच्या बाजूला नेऊन बसवलं. निजामाच्या काळातला तो मधला जाड पडदा आता अर्धाच उरलाय. त्याच्या फटीतून पुरुष दिसतात आणि पुरुषांच्या विड्याही.

चित्रपट कसा आहे म्हणून विचारशील. वाईट आहे. यान म्हणजे धान्याची पत्र्याची कोठी आडवी करून तिला लावलेले पंख. उडताना वरची दोरी दिसते. डॉ. वैजयंती नावाच्या खगोलशास्त्राच्या बाई त्यातून एकट्या निघतात, कारण बरोबरचे दोन पुरुष आयत्या वेळी आजारी पडतात (एवढंच काय ते शास्त्रीय). बाईंच्या पाठीवर प्राणवायूची टाकी आहे, ती साधा कापसावर फवारायचा पंप आहे. हे आपल्याकडं लपत नाही. पंप दिसताच मागून एक म्हातारा कळकळीनं ओरडला, “बाई, तोंडाला फडकं बांधा! नाकात जातं!” पुढं यान ज्या ग्रहावर उतरतं तिथली जमीन म्हणजे नुसता पसरलेला कापूस. तो पाहून अडतीवरचे व्यंकटराव खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना चित्रपटाशी कर्तव्य नव्हतं, बाजार बंद होता म्हणून आले होते. म्हणाले, “ओला हाय. एवढ्या लांब जाऊन ओला माल!” शेजारचा म्हणाला, धागा बरा दिसतो. व्यंकटराव म्हणाले, बोंडअळीचा डाग हाय, वरच्या कोपऱ्यात बघ. दुसऱ्या दिवशी ते सहा व्यापारी घेऊन आले, ग्रहाची प्रत ठरवायला. गेले आठ दिवस त्यावर एकमत झालेलं नाही.

मी चुका लिहायला वही काढली होती. मध्यंतरापर्यंत एकोणीस झाल्या. मग वैजयंतीबाई दुर्बिणीला डोळा लावतात तो प्रसंग आला आणि मी लिहायचं विसरले. जाड भिंगाचा चष्मा आहे तिला, अंबाडा आहे, चाळिशी उलटलेली आहे आणि ती एकदाही गाणं म्हणत नाही. आकडेमोड करते. पाढे पुटपुटत करते, मी करते तशी. शेवटी पृथ्वीवरून निरोप येतो, परत फिरा, पुढं गेलात तर येण्यापुरतं इंधन उरणार नाही. समोर तो तारा, ज्याचा तिनं वीस वर्षं माग काढला. हातात दांडा. पुढं ढकलला तर तारा, मागं ओढला तर घर. तिचा चष्मा धुरकटतो. ती दांड्यावर हात घट्ट करते.

आणि सनई वाजायला लागली.

मला वाटलं, माझ्या कानाला काही झालं. पडद्यावर एका घराचा दरवाजा, दारात नव्या नवरीसारखी नटलेली सून, उंबऱ्यावर तांदळाचं माप. पायानं माप सांडलं, सासूनं डोळे पुसले, समाप्त. पडद्याशेजारी उभी राहून फुकट बघणारी बायनाबाई (दाराशी फुटाणे विकते) पदर डोळ्याला लावून म्हणाली, “आली बया घरला एकदाची.” सगळं थिएटर समाधानानं उठलं. मी उठून ओरडले. इंग्रजीत ओरडले. काय ते लिहीत नाही, सिस्टर अ‍ॅग्नेसच्या आत्म्याला त्रास नको.

वर गेले तर नागनाथ रीळ हातात घेऊन मान खाली घालून बसलेला. झालं होतं असं. नामांतराच्या बंदमुळं दोन दिवस एस.टी. उभी होती आणि परभणीच्या स्टँडवर सगळ्या पेट्यांचा ढीग झाला. त्यात आपल्या यानाचं शेवटचं रीळ गेलं जिंतूरला आणि जिंतूरच्या कौटुंबिक चित्रपटाचं शेवटचं रीळ आलं इकडं. मी दत्तरावांना म्हटलं, हे दाखवू नका, तिच्या हातात दांडा आहे तिथंच थांबवा. ते म्हणाले, “बाई, लोकान्ला शेवट लागतो. कोणता का असंना.” बरं, जिंतूरवाले रीळ परत देतील तर तेही नाही. तिकडं सासूच्या छळाला कंटाळून घर सोडलेली सून डोळे पुसते आणि पुढच्या क्षणी डोक्यावर टोप चढवून पत्र्याच्या कोठीत बसलेली दिसते. बायका उठून टाळ्या वाजवतात म्हणे. तिकडच्या मालकाचं म्हणणं, बुधवारी माझा खेळ उतरेल, तोवर रीळ हलायचं नाही. तिकडून कापूस घेऊन आलेल्या दोन गाडीवानांना व्यंकटरावांनी विचारलं, पुढं काय होतं? एक म्हणाला, गेली. दुसरा म्हणाला, परतली. मग दोघांची मारामारी झाली.

म्हणजे गुरुवारच्या पहिल्या गाडीनं रीळ येणार, आणि तोवर यान सत्तावीस मानवतात टिकवायचा. रोज तीस माणसं. तीन खेळ रद्द झाले की दत्तराव मारामारीचा चित्रपट लावायला मोकळे. आम्ही काय काय केलं ते विचारू नकोस. व्यंकटराव कापसाच्या गाड्यांची माणसं, वजनाला वेळ लागतोय तोवर, टॉकीजमध्ये पाठवतात. (बंदच्या दिवसांत मला पाहून रस्ता ओलांडणारा माणूस हा, आता माझ्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतो आणि वर विचारतो, बाई, तारा तापलेला असतो तर कापूस पेटत कसा न्हाई?) मी निवृत्त शिक्षकांना गाठलं. दोघे आले, एक झोपले; पण झोपलेलाही मोजतात. सगळ्यात जास्त माणसं मात्र बायनाबाई आणते. हापशावर जाऊन सांगते, लय शिकलेली पोर आभाळातून परत येते आन् सून होते. मी तिला बजावलं, बायनाबाई, तो शेवट खोटा आहे. ती म्हणाली, “असू द्या की. पोर घरी आली, दोन घास खाईल. तुमाला काय पायजे आनखी?” मला काय पाहिजे ते मला तिला सांगता आलं नाही.

तुला सांगायची गरज नाही. हैदराबादच्या वेधशाळेतून सेहेचाळीस साली मला आलेलं नोकरीचं पत्र तुला आठवत असेल. त्याला मी काय उत्तर लिहिलं तेही तुला ठाऊक आहे, पेटीत टाकायला तूच गेली होतीस. त्यावर मी चाळीस वर्षांत रडले नाही आणि आता कोठीला पंख लावलेल्या चित्रपटावर रडणार नाही. मला फक्त एवढंच बघायचंय की ती दांडा कुठल्या बाजूला नेते.

तुझं कार्ड आलं सोमवारी. नागनाथला दाखवलं. तीस-तीस माणसांना रोज चित्रपट दाखवतो बिचारा, त्यालाही शेवट ठाऊक नाही. कार्डाकडं बघून म्हणाला, “बाई, वाचू नका. तुमी वाचलं की तुमच्या तोंडावर दिसल. वर्गात बी दिसायचं, उत्तर बरोबर हाय का चूक.” मी ते शब्दकोशात ठेवून दिलं. पण कार्ड मी एकटीनं थोडंच पाहिलं होतं! आपला पोस्टमन मुंजाजी. माझ्या हातात देताना गालात हसला होता, ते मला उशिरा उमगलं. आख्ख्या मानवतात शेवट ठाऊक असलेला तो एकटा. गेले सहा दिवस तो चौकात बसून फुकटचा चहा पितोय. लोक विचारतात, सांग ना रे. तो मान हलवतो, म्हणतो, “सरकारी नोकर हाव. दुसऱ्याचं पत्र फोडत नसतो. पण असा शेवट बघितला न्हाई बुवा.” मग विचारणारे तिकीट काढतात.

एकूण इकडं सगळं क्षेम आहे. तात्यारावांना नमस्कार, नातवंडांना पापे. थंडी पडायला लागली आहे, कानाला बांधत जा.

तुझी,
अक्का (चांगुणा)

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. गुरुवारी दत्तराव खेळ ठेवायला तयार नाहीत, नव्या चित्रपटाची तयारी करायची म्हणतात. फार विनवल्यावर कबूल झाले, की तीनच्या खेळाला शंभर माणसं असतील तरच. आमची मोजून शहाऐंशी होतात (झोपणारे गुरुजी धरून). तुझ्या विहारातल्या महिला मंडळात बरोबर चौदा जणी आहेत, तुला धरून. दुपारी बाराची गाडी धरा, दोनला मानवतात. पिठलं-भाकरी मी करून ठेवते.

ता. क. २. हे पत्र पोस्टानं न पाठवता नागनाथच्या भावाच्या हाती पाठवते आहे, डिंकानं तिन्ही बाजू बंद करून. कारण समजलं असेल.

ता. क. ३. आता कबूल करते. वरचं लिहून झाल्यावर चहा ठेवला, आधणाची वाफ वाया कशाला घालवायची म्हणून शब्दकोशातलं कार्ड तिच्यावर धरलं. कागद अलगद सुटला. तू लिहिलं आहेस, ‘शेवटी ती काय करते ते मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ. मला तुझीच आठवण आली.’ कुसुम, पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू एक शेवट सांगितला नाहीस, आणि तो मी सहा दिवस डिंक लावून झाकून ठेवला. मुंजाजीला मी काही बोलणार नाही. त्याच्या हसण्यावर रोज दहा-बारा तिकिटं जातात.

ता. क. ४. गुरुवारी तू माझ्या शेजारी बसायचंस. ती दांड्यावर हात ठेवेल तेव्हा मी तुझ्याकडं बघणार नाही. तूही माझ्याकडं बघायचं नाहीस. हातवारे तर मुळीच नाहीत.